केस पेपरवरचा रिकामा रकाना

(या भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी.)



आजचा विषय ऐकून काहीजण लगेच पुढचा भाग लावतील, म्हणून आधीच सांगते, पाच मिनिटं थांबा. आज आपण केस पेपरचा इतिहास बघणार आहोत. हो, तोच. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर नाव, वय, गाव सांगितलं की मिळतो तो कागद. डॉक्टर त्यावर दोन ओळी लिहितात, आपण तो गोळ्यांच्या खिडकीवर दाखवतो, घडी घालून खिशात टाकतो आणि पुढच्या वेळी नवा काढतो.

तो कागद नीट आठवून बघा. वर नाव, वय, तारीख व्यवस्थित असतं. खाली गोळ्यांची नावं असतात. मधलं काय? त्रास किती दिवसांपासून आहे, आधीचे आजार कोणते, कुठल्या औषधाची ॲलर्जी, वजन, बीपी, निदान, परत कधी यायचं? या सगळ्याला जागा असते, पण बहुतेक वेळा ती कोरीच राहते.

गोळ्यांची नावं का लिहिली जातात? कारण पलीकडच्या खिडकीवर ती कुणीतरी वाचणार असतं. मधलं का राहतं? कारण ते कुणी वाचेल असं लिहिणाऱ्याला वाटत नाही. या भागासाठी मी गेल्या सव्वाशे वर्षांतल्या दवाखान्याच्या नोंदींबद्दल वाचत होते, पार अमेरिकेपासून गडचिरोलीपर्यंत, आणि सगळीकडे मला हीच एक गोष्ट दिसत राहिली. जो कागद परत वाचला जातो, तोच पूर्ण लिहिला जातो.

आता हे फक्त माझं मत आहे की इतिहासही तेच सांगतो, ते तुम्हीच ठरवा.

डॉक्टरची वही आणि पेशंटचं पाकीट

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे. तिथे मेयो बंधूंचा दवाखाना होता, आजचं जगप्रसिद्ध मेयो क्लिनिक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले डॉक्टर आपापल्या जाडजूड वहीत नोंदी करायचे. म्हणजे एका पेशंटला तीन डॉक्टरांनी तपासलं, तर त्याची हकीकत तीन वह्यांत तीन ठिकाणी. आपल्या किराणा दुकानातल्या रोजकीर्दीसारखी ती वही तारखेनुसार चालायची. सोमवारी कोण आलं ते चटकन सापडायचं. पण 'या बाईंना गेल्या दोन वर्षांत काय काय झालं?' असं विचारलं, तर वह्या उपसत बसा.

१९०७ साली तिथल्या हेन्री प्लमर या डॉक्टरांनी ही पद्धत मोडली. प्रत्येक पेशंटला एक नंबर द्यायचा, त्या नंबरची एकच फाइल करायची आणि जो कोणी तपासेल त्याने त्या फाइलमध्येच लिहायचं. ऐकायला किती साधं वाटतं ना? पण बदल मोठा होता. आता तुम्ही लिहिलेलं उद्या दुसरा डॉक्टर वाचणार होता. अर्धवट लिहिलं तर तो येऊन विचारणार, 'अहो, हे काय लिहिलंय?'

ही झाली मोठ्या दवाखान्याची गोष्ट. गल्लीतल्या, गावातल्या डॉक्टरकडे येऊन-जाऊन असणाऱ्या पेशंटचं काय? त्यासाठी ब्रिटनमध्ये जाऊ. तिथे १९११ साली नॅशनल इन्शुरन्स कायदा आला. अर्थमंत्री होते डेव्हिड लॉईड जॉर्ज. कामगारांना विम्यातून डॉक्टर मिळू लागला आणि त्यातून पेशंटच्या नोंदीचं एक छोटं पाकीट रूढ झालं. त्याला लोक आजही 'लॉईड जॉर्ज पाकीट' म्हणतात. आकार साधारण सात इंच बाय पाच इंच. आत कार्डं, त्यावर डॉक्टरच्या नोंदी, आणि मोठ्या हॉस्पिटलातून आलेली पत्रं घड्या घालून कोंबलेली.

या पाकिटाची खरी खुबी वेगळीच होती. पेशंटने डॉक्टर बदलला की पाकीटही त्याच्या मागोमाग नव्या डॉक्टरकडे जायचं. माणूस गिरणी सोडून दुसऱ्या गावच्या खाणीत गेला, तर त्याची छातीची जुनी तक्रारही कागदावरून त्याच्याबरोबर जायची. पुढे १९४८ साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा ही पाकिटं तिलाही वारशात मिळाली आणि अनेक दशकं चालली.

आपल्याकडे आकडा वर गेला, माणूस खालीच राहिला

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात सरकारी आणि धर्मादाय दवाखाने होते. त्यांचे वार्षिक अहवाल छापले जायचे. त्यात तक्ते असायचे. वर्षभरात दवाखान्यात राहून किती जणांनी उपचार घेतले, बाहेरून येऊन औषध नेणारे किती, कुठल्या आजाराचे किती. 'बाह्यरुग्ण' हा माणूस सरकारी कागदावर आला तो असा, बेरजेतला एक होऊन. त्या काळी आकडा मोलाचा होताच. पण तो तक्ता वाचणारा साहेब मुंबईत बसलेला होता आणि त्याला हवी होती बेरीज. पुण्याजवळच्या एखाद्या दवाखान्यात खोकला घेऊन तिसऱ्यांदा आलेली बाई त्या बेरजेत तीन वेळा मोजली जाऊ शकत होती. 'ही तीच बाई आहे आणि तिचा खोकला अजून थांबलेला नाही' हे मात्र त्या बेरजेतून कळायला मार्ग नव्हता.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो, त्याची कल्पना त्या अहवालातली. सुरुवातीला चाळीस हजार लोकांमागे एक केंद्र, असा त्यांचा हिशेब होता. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याबरोबर केंद्रं उभी राहू लागली. आजचा निकष सपाट भागात तीस हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक केंद्र असा आहे.

केंद्राबरोबर रजिस्टरंही आली. ओपीडीचं रजिस्टर, औषधसाठ्याचं, लसीकरणाचं, गरोदर मातांचं, कुटुंब नियोजनाचं, हिवतापाच्या रक्तनमुन्यांचं. एखाद्या एएनएम ताईंच्या टेबलावरचा ढीग बघितलात तर कळेल. आणि यातली बरीचशी नोंद महिनाअखेरीला बेरीज होऊन वर जाते. केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून मुंबई-पुण्याला आणि दिल्लीला. २००८ पासून हा प्रवास संगणकावरून होऊ लागला, पण दिशा तीच राहिली, खालून वर.

ओपीडी रजिस्टर हे पुन्हा तारखेनुसार चालणारं पुस्तक. मेयो क्लिनिकने १९०७ मध्ये बाजूला ठेवली, त्याच जातीची वही. अनुक्रमांक, नाव, वय, गाव, नवा की जुना, निदान, औषध. आज किती पेशंट झाले ते एका नजरेत कळतं. पण तुमची मागची भेट शोधायची असेल, तर तुम्हाला तारीख आठवली पाहिजे. केस पेपर तर तुमच्याबरोबर घरी गेलेला.

कायद्याचंही बघा. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली डॉक्टरांना सांगते की आंतररुग्णांच्या, म्हणजे ॲडमिट झालेल्यांच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवा आणि मागितल्यावर बहात्तर तासांत द्या. जपून ठेवण्याच्या त्या कलमात शब्द आहे 'आंतररुग्ण'. बहुतेक माणसं आयुष्यात मोजक्या वेळा ॲडमिट होतात आणि शेकडो वेळा ओपीडीत जातात. पण जपण्याचा नियम त्या मोजक्या वेळांसाठी!

बरं, वर जाणारी बेरीज तरी खरी असते का? ती खालच्या रकान्यावर अवलंबून. देशात २००४ पासून साथींवर लक्ष ठेवणारा एक कार्यक्रम आहे. त्यात 'पी' नावाचा एक फॉर्म असतो. डॉक्टरने ओपीडीत बघून केलेल्या निदानांची ती बेरीज. आता रजिस्टरात निदानाच्या रकान्यात नुसतं 'ताप' लिहिलं असेल, तर डेंगी, मलेरिया, लेप्टो आणि साधा सर्दीताप एकाच ओळीत गेले. गावात साथ सुरू झालीये हे सगळ्यात आधी ज्या कागदाला कळायला हवं, तोच मुका. गंमत म्हणजे, ज्या साहेबांसाठी माणसाची नोंद सोडून आकडा लिहिला, त्यांनाही शेवटी चांगला आकडा मिळत नाही.

'पूर्ण' म्हणजे नेमकं किती?

इथे कुणी म्हणेल, 'ताई, ओपीडीत काय कादंबरी लिहायची का?' रास्त प्रश्न आहे. याचं सगळ्यात नेटकं उत्तर दिलं लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी. १९६८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांचा नोंदींवरचा लेख आला आणि जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात त्याची चर्चा झाली.

वीड यांचं सांगणं असं. फाइलच्या पहिल्या पानावर पेशंटच्या सगळ्या अडचणींची यादी ठेवा. बीपी, दमा, गुडघेदुखी, जे असेल ते. आणि प्रत्येक भेटीच्या नोंदीत चार गोष्टी लिहा. एक, पेशंट काय सांगतोय. दोन, तपासताना मला काय दिसलं, किती भरलं. तीन, त्यावरून मला काय वाटतंय. चार, आता काय करायचं. या चारांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'सोप' हा शब्द तयार होतो. वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी हा शब्द आजही घोकतात.

चार ओळी पुरतात. पण चारही पाहिजेत. आपल्या केस पेपरवर साधारणपणे पहिली अर्धी असते, 'ताप', आणि चौथी अर्धी, 'पॅरासिटामॉल'. मधल्या दोन गायब. थर्मामीटर लावला होता का? किती भरला? डॉक्टरांच्या मनात कोणता आजार होता? पुढच्या डॉक्टरला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तो पहिल्यापासून सुरुवात करतो. किंवा करतच नाही, आणि गोळी बदलून देतो.

याची किंमत काय असते ते माझ्या घरातलं एक उदाहरण देऊन सांगते. माझ्या आजीला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'बीपी कधीपासून आहे?' काकाने घरातली कागदांची पिशवी आणली. तीन वर्षांतले चौदा केस पेपर निघाले, सगळे आमच्या गावाजवळच्या एकाच केंद्रातले. चौदापैकी चारच कागदांवर बीपीचा आकडा. त्यातल्या एकावर १८० आणि ११०, म्हणजे चांगलाच जास्त, आणि खाली गोळी लिहिलेली. त्यानंतरचा कागद महिन्याभराने, दुसऱ्या डॉक्टरच्या हाताचा. त्यावर 'अशक्तपणा' आणि ताकदीच्या गोळ्या. बीपी मोजलं की नाही, आधीची गोळी चालू ठेवायची की नाही, एक अक्षर नाही. आजीने तिच्या हिशेबाने अर्थ लावला. नवीन डॉक्टरांनी लिहिली नाही, म्हणजे ती गोळी बंद.

यात कुणी मुद्दाम वाईट वागलं असं मला वाटत नाही. दुसऱ्या डॉक्टरांसमोर पहिला कागद आलाच नसणार, कारण आजीने खिडकीवर नवा काढला. दोन डॉक्टर एकाच खुर्चीत बसून गेले आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडली नाही. ती गाठ घालून देणं, हेच तर कागदाचं काम असतं.

क्षयरोगाचं कार्ड

पण आपल्याकडे हे कधी जमलंच नाही, असं मात्र नाही हं. जमलंय, आणि ओपीडीतच जमलंय.

पूर्वी क्षयरोग म्हटलं की सॅनेटोरियम. मिरजेपासून पाचगणीपर्यंत मोकळ्या हवेची ठिकाणं आठवा. १९५६ साली मद्रासला क्षयरोगावरच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ साली आले आणि त्यांनी जगाला चकित केलं. घरी राहून, दवाखान्यात येऊन-जाऊन औषध घेणारे गरीब पेशंटही सॅनेटोरियममधल्या पेशंटइतकेच बरे होत होते. म्हणजे क्षयरोग हा ओपीडीचा आजार झाला.

पण मग नवी अडचण आली. माणूस खाटेवर नाही, तर त्याने गोळी घेतली की नाही हे कळायचं कसं? तो यायचा थांबला तर? इथे कारेल स्टिब्लो यांचं नाव घ्यायला हवं. हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या छळछावणीत होते आणि तिथे त्यांना स्वतःला क्षयरोग झाला होता. १९७० च्या दशकाच्या शेवटी टांझानियात काम करताना त्यांनी नोंदीची एक पद्धत बसवली. प्रत्येक पेशंटचं एक उपचार कार्ड. घेतलेल्या डोसची त्यावर खूण. आणि रजिस्टरात ज्याचं नाव चढलं, त्याच्यापुढे शेवट लिहिलाच पाहिजे. बरा झाला, मरण पावला, उपचार लागू पडले नाहीत, मधेच सोडून गेला, दुसऱ्या केंद्रात गेला. असं काहीतरी एक. रिकामा रकाना चालणार नाही.

हा एक नियम किती मोठा आहे बघा. ओपीडी रजिस्टरात माणूस येतो आणि ओळ संपते. इथे माणूस यायचा थांबला तरी त्याची ओळ उघडीच राहते आणि कर्मचाऱ्याला टोचत राहते, 'याचं पुढे काय झालं?' मग कुणीतरी सायकल काढून त्याच्या घरी जातं. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने 'डॉट्स' नावाने जी पद्धत जगभर नेली, तिच्या पाच आधारांपैकी एक आधार म्हणजे ही नोंद. भारतात १९९७ पासून ती टप्प्याटप्प्याने पसरली आणि २००६ पर्यंत देशभर पोचली. त्याच प्राथमिक केंद्रात, त्याच कर्मचाऱ्यांच्या हातात ओपीडीचं रजिस्टर रिकामं आणि क्षयरोगाचं कार्ड भरलेलं. माणसं तीच आहेत. फरक इतकाच की कार्ड दर खेपेला उघडून वाचलं जातं.

वेल्समधलं एक खेडं

आता मला फार आवडलेली गोष्ट. वेल्समध्ये ग्लिनकोरग नावाचं कोळसाखाणीचं एक छोटं गाव. १९६१ पासून ज्युलियन ट्यूडर हार्ट हे डॉक्टर तिथे प्रॅक्टिस करत होते. ज्यांना उपचारांची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच ते सगळ्यात कमी मिळतात, हा त्यांचा १९७१ चा सिद्धांत प्रसिद्ध आहे. पण त्याआधी त्यांनी काय केलं ते बघा. साधारण दोन हजार वस्तीचं गाव. त्यांनी ठरवलं, दवाखान्यात कुणीही कशासाठीही येवो, बोट कापलं म्हणून येवो की सर्टिफिकेट हवं म्हणून, त्याचं बीपी मोजायचं आणि पाकिटात लिहायचं. काही काळाने त्यांनी सगळी पाकिटं चाळली. ज्यांच्या पाकिटात बीपीची नोंद नाही, ते कोण? अशांना गाठून बोलावलं. अशा तऱ्हेने गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचं बीपी नोंदलं गेलं.

लक्षात येतंय का? त्यांनी रिकामा रकानाच कामाला लावला. भरलेल्या रकान्यातून पेशंट कळला आणि रिकाम्या रकान्यातून राहून गेलेला माणूस कळला.

याला महत्त्व होतं, कारण बीपीबद्दल डॉक्टर मंडळींत 'निम्म्याचा नियम' सांगितला जायचा. ज्यांना बीपी आहे त्यातल्या निम्म्यांना ते माहीतच नसतं. ज्यांना माहीत आहे त्यातले निम्मे उपचार घेत नाहीत. जे घेतात त्यातल्या निम्म्यांचं ताब्यात नसतं. ट्यूडर हार्ट यांनी पंचवीस वर्षांचा हिशेब १९९१ साली प्रसिद्ध केला. शेजारच्या, तशाच गरीब गावापेक्षा त्यांच्या गावात अकाली मृत्यू कमी झाले होते. त्यांच्याकडे कुठलं मोठं यंत्र नव्हतं. बीपीचा पट्टा, पेन आणि पाकिटं चाळायची चिकाटी होती.

आपल्याकडे २०१७ पासून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्यातही मुद्दा हाच. प्रत्येक पेशंटची स्वतःची नोंद ठेवायची आणि ज्याची यायची तारीख उलटून गेली, त्याला शोधून फोन करायचा. आजीचा तो दुसरा केस पेपर मला आठवतो, तेव्हा वाटतं, तिचीही तारीख कुणाच्या तरी यादीत असायला हवी होती.

जे ओपीडीत येतच नाहीत

एक गोष्ट मात्र कितीही पूर्ण रजिस्टर सांगू शकत नाही. जो माणूस खिडकीपर्यंत आलाच नाही, त्याचं काय?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची राणीताई आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास होता. सरासरी एकीला तीनहून जास्त. आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

म्हणजे कुठल्याही ओपीडीच्या कागदावर बघितलं असतं, तर हा आजार जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. बायका सांगत नव्हत्या, कारण सांगायचं कुणाला? विचारणारं कुणी नव्हतं आणि लिहिणारंही नव्हतं. राणीताईंनी घरापर्यंत जाऊन विचारलं, तेव्हा तो कागदावर आला. कागद पूर्ण करायचा तर आधी प्रश्न विचारावा लागतो, हे गडचिरोलीने शिकवलं.

दोन मिनिटांचा हिशेब

आता डॉक्टरांच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर हा भाग अन्यायाचा होईल. २०१७ साली ६७ देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. बांगलादेशात ४८ सेकंद. भारतात साधारण दोन मिनिटं. आता दोन मिनिटांत ऐकायचं, तपासायचं, समजावायचं आणि वर वीड साहेबांच्या चार ओळी लिहायच्या? बाहेर रांग, आत बाळ रडतंय, साहेबांचा फोन आलाय आणि दुपारी मीटिंग.

म्हणून 'डॉक्टर नीट लिहीत नाहीत' एवढं बोलून विषय संपत नाही. नोंद हे काम आहे, आणि कामाला माणूस लागतो. बीपी, वजन, ताप सिस्टरने आधीच मोजून लिहिलं, तर डॉक्टरांची एक ओळ वाचते. दहा रजिस्टरांची दोन केली, तर तासभर वाचतो. जिथे नोंदी सुधारल्या, तिथे कुणीतरी आधी बसून हा हिशेब केलेला होता.

मोबाइलने प्रश्न सुटेल का?

तुमच्या मनात आलंच असेल, 'आता सगळं डिजिटल होतंय की!' बरोबर. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. चौदा आकडी 'आभा' क्रमांक काढला की वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी तुमच्या संमतीने एका जागी दिसू शकतात. म्हणजे प्लमर यांचा १९०७ चा नंबर आणि लॉईड जॉर्ज पाकिटाचा प्रवास, दोन्ही तुमच्या खिशातल्या फोनवर. कल्पना उत्तम आहे. पण पाकीट रिकामं असेल तर ते कितीही वेगाने पोचवून काय उपयोग? स्क्रीनवरही रकाना कोरा राहू शकतो. शिवाय घाईत यादीतला पहिलाच पर्याय निवडून तो भरलेला दिसूही शकतो, आणि हे जास्त धोक्याचं.

म्हणून मला आणखी एका डॉक्टरांची आठवण होते. डेव्हिड मॉर्ली. नायजेरियातल्या इमेसी गावात काम करताना त्यांनी मुलांच्या वजनाचा आलेख असलेलं एक कार्ड तयार केलं आणि ते दवाखान्याच्या कपाटात न ठेवता आईच्या हातात दिलं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून. आया कार्ड हरवतील अशी शंका घेणारे तेव्हाही होतेच. पण आयांनी ती कार्डं जपली. आपल्याकडच्या अंगणवाडीतला वाढीचा आलेख आणि गरोदरपणात मिळणारं माता-बाल कार्ड त्याच घराण्यातलं. ज्याचं आयुष्य त्या कागदावर आहे, तो कागद सगळ्यात मनापासून वाचतो.

तेव्हा यातलं तुमच्या-माझ्या हातात काय आहे? तीन छोट्या गोष्टी. दवाखान्यात जाताना मागचा कागद घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर आधी तोच ठेवा. 'नेमकं काय झालंय ते लिहाल का?' हे एक वाक्य विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा. तुम्ही विचारलंत की लिहिणाऱ्याला कळतं, हे कुणीतरी वाचणार आहे. आणि बाहेर पडल्यावर कागदाचा फोटो काढून आई, बाबा, आजी, आजोबा अशा ज्याच्या-त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. त्यात बीपीचा आकडा नसेल तर परत आत जाऊन विचारा, 'मोजलं होतं का?'

घरात कुणाला बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असेल, तर आज रात्री एवढंच बघा की ती कोणती, कधीपासून आणि कुणी लिहिली. कागदावर सापडलं नाही, तर ते तुमच्या हाताने लिहून ठेवा, तारीख घालून.

पुढच्या भागात आपण देवीच्या लशीची गोष्ट ऐकणार आहोत. तोवर, काळजी घ्या आणि घरच्यांचीही घ्या. भेटूच.